मागावरचं कोळिष्टक

एका गावात इतके माग होते, की पाहुण्याला वाट विचारावी लागत नसे. खटाखट आवाजाच्या रोखाने चालत राहिलं की गाव लागायचं. कुणी सूत रंगवायचं, कुणी वाळवायचं, कुणी विणायचं. सगळं गाव कापडावर जगायचं.

गावाच्या मधोमध, चिंचेखाली, धान्याचं एक खोल पेव होतं. ज्याच्या हाताला काम आहे त्याने बाजाराच्या दिवशी ओंजळभर ज्वारी पेवात टाकायची. ज्याचं काम थांबेल त्याने पुन्हा काम मिळेपर्यंत पोटापुरती ज्वारी तिथून न्यायची. कुणी कुणापुढे हात पसरायचा नाही आणि कुणी उपाशी झोपायचं नाही. फार शहाण्या माणसांनी घालून दिलेला रिवाज होता तो.

पण काम खरंच थांबलंय हे ओळखायचं कसं? पंचांनी त्यासाठी एक खूण ठरवली होती. चालत्या मागावर कोळी जाळं करत नाही. म्हणून पंच घरी यायचे, वाकून मागाखाली बघायचे आणि कोळिष्टक दिसलं की म्हणायचे, "माग थंड आहे. द्या याला ज्वारी."

त्या गावात तुळसा नावाची एक तरुण मुलगी राहायची. वडील वारले होते, आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. तुळसाच्या घरात माग नव्हता, एक रहाट होता. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवावी लागते. तशा कांड्या ती रहाटावर भरून द्यायची. बाजाराच्या दिवशी तीही पेवापाशी जायची. आई मागून बजावायची, "ओंजळ नीट भर गं. बोटांतून सांडू नकोस."

एका वर्षी, गावचं कापड जिथून बाहेर जायचं त्या बंदरात जहाजं यायची थांबली. जहाजं नाहीत म्हणून व्यापारी नाहीत, आणि व्यापारी नाहीत म्हणून कापडाला गिऱ्हाईक नाही. माग एकेक करून बंद पडू लागले. पण सगळ्यांच्या आधी थांबला तो तुळसाचा रहाट. काम कमी झाल्यावर विणकर आपापल्या कांड्या घरीच भरू लागले होते.

तुळसा पंचांकडे गेली. सगळ्यांत थोरल्या पंचाला अख्खं गाव आजोबा म्हणायचं.

"आजोबा, माझं काम थांबलं. पेवातून ज्वारी द्या."

"माग कुठाय तुझा?"

"माग नाही, रहाट आहे."

"मग जाळं कशावर बघायचं आम्ही?"

"रहाटावर बघा."

"रहाटाचं नियमात नाही, पोरी."

"ओंजळ टाकताना तर कुणी विचारलं नाही, ही रहाटाची ज्वारी आहे की मागाची!"

दुसरा पंच खेकसला, "तोंड फार चालतं हिचं. आज हिला दिलं तर उद्या रंगारी येईल, परवा सूत वाळवणारी येईल!"

"येतीलच. तेही ओंजळ टाकतात ना?"

पंचांनी तिला घरी पाठवलं. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "तुळसे, येत्या बाजारी रहाट विकून टाकू आणि मामाच्या गावी जाऊ. दुसरं काय करणार?" तुळसाला रहाट सोडवेना. मामाच्या गावात एकही माग नव्हता. रहाट गेला की हातातली कलाही गेलीच.

इकडे गाव चमत्कारिक वागू लागलं होतं. मागाच्या खोलीत झाडू फिरेना. पोरं धावली की आया ओरडायच्या, "अरे हळू! जाळं फाटेल!" एका बाईने तर गोठ्यातून कोळी पकडून वाटीखाली झाकून आणला आणि मागावर सोडला. मग पदराचा वारा लागू नये म्हणून दिवसभर भिंतीला टेकून बसून राहिली.

अशात एक दिवस डोंगरापलीकडून एक गृहस्थ आले. त्यांच्या लेकीचं लग्न होतं. तिच्यासाठी एक लुगडं आणि सोयऱ्यांसाठी थोडी उपरणी हवी होती. ते पहिल्या घरी गेले. विणकराचे डोळे चमकले, पण लगेच त्याने मागाकडे बघितलं.

"विणलं असतं हो आनंदाने. पण जाळं मोडेल. तुमचं काम संपलं की मी काय पुन्हा कोळ्याची वाट बघत बसू? तोवर पोरांना काय घालू?"

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. शेवटी ते तुळसाच्या दारात आले. ती पायरीवर बसून रहाट पुसत होती, बाजारात न्यायला.

"काय गं मुली, विणकरांच्या या गावात विणणारा कुणीच नाही का?"

तुळसाच्या डोक्यात तिडीक गेली. फडकं तिथेच टाकून ती उठली. "चला माझ्याबरोबर," म्हणाली.

चिंचेखाली पंच बसले होते. तुळसा आणि पाहुण्यांच्या मागोमाग निम्मं गाव गोळा झालं.

"आजोबा, या पाहुण्यांना कापड हवंय. गावात सगळ्यांना विणता येतं आणि कुणी विणत नाही. का विणत नाही, ते तुम्हीच सांगा त्यांना."

आजोबा म्हणाले, "नियम उगाच केलेला नाही, पोरी. सैल सोडला तर पेवाचा तळ दिसेल. मग काय माती खायची?"

"तळ असाही दिसणारच आहे! सगळे पोटभर नेतायत आणि टाकत कुणीच नाही. तुम्ही नियम केलात तेव्हा कधी कुणाला ताप यायचा, कधी कुणाचा हात मोडायचा, तेवढाच एक माग थंड पडायचा. आता अख्खं गाव आजारी आहे. ज्याला थोडं काम मिळालं त्याची ज्वारी एकदम तोडू नका, थोडी कमी करा. तो कामही करेल आणि पेवातून कमीही नेईल. आणि ज्याने ज्याने ओंजळ टाकलीय, त्याला विचारा काम थांबलंय का. माणसं सोडून कोळ्याला काय विचारता?"

कुणीतरी फिसकन हसलं. आजोबांचा चेहरा लाल झाला. पण तुळसा थांबली नाही. फक्त तिचा आवाज खाली आला.

"आजोबा, तुमच्याही मागावर जाळं आहे. तुमचे हात शिवशिवत नाहीत?"

आजोबा उठले आणि घराकडे चालू लागले. लोक कुजबुजले, "रागावले. आता ऐकत नाहीत."

थोड्या वेळाने त्यांच्या घरातून एक दणदणीत शिंक ऐकू आली. मागावर धूळच तेवढी साठली होती. मग आवाज आला, खट. पुन्हा, खट. आणि मग आजोबांची हाक आली, "तुळसे! कांड्या कुठायत? रिकाम्या धोट्याने काय हवा विणू?"

सगळं गाव हसलं. तुळसा मात्र रडत रडतच रहाट आणायला पळाली.

त्याच संध्याकाळी नियम बदलला. रंगाऱ्याला ज्वारी मिळाली, सूत वाळवणारीला मिळाली. तुळसाने ज्वारी घरी आणली तेव्हा आईने ती मुठीत धरली, हुंगली आणि म्हणाली, "यात तुझ्या बाबांचीही ओंजळ असेल गं." त्या दिवशीची भाकरी दोघींनी सावकाश खाल्ली.

मंदी लगेच संपली नाही. पण लहानसहान कामं घ्यायला आता कुणी भीत नव्हतं. गावात विणून मिळतं अशी बातमी डोंगरापलीकडे पसरली, तशी आणखी माणसं येऊ लागली. कामं करून लोक पेवातून कमी नेत होते, जमेल तेव्हा मूठभर टाकतही होते. पेव खाली खाली गेलं, पण रिकामं झालं नाही. आणि एके दिवशी बंदरात पुन्हा शिडं दिसली.

पहिल्या भरल्या बाजाराला तुळसा काठोकाठ ओंजळ घेऊन पेवापाशी आली. आजोबा चिंचेखाली बसले होते.

"आजोबा, त्या दिवशी मी फार बोलले."

"बोललीस ते बरं झालं. नाहीतर मी मेल्यावरही तो कोळी माझ्या मागावर नांदला असता. तुझे उपकारच आहेत." मग ते हसून म्हणाले, "हे पेव खणलं ना, तेव्हा आम्ही तुझ्याच वयाचे होतो. गावातले म्हातारे असे ओरडले होते! म्हणायचे, फुकट खायची सवय लागेल लोकांना."

"मग?"

"मग काय? त्यांच्याकडे लक्ष न देता खणलं."

तुळसा बघतच राहिली. ही माणसं जन्मतःच म्हातारी होती, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. तिने ओंजळ पेवात सोडली, दाणा न दाणा. मग पेवाच्या काठाला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि आजोबांच्या पाया पडली.

तात्पर्य: अडचणीच्या दिवसांसाठी ज्यांनी साठवून ठेवलं त्यांचे आभार जरूर मानावेत, पण काळ बदलल्यावर त्यांचा नियम बदलून ती शिदोरी प्रत्येक हक्कदारापर्यंत पोचवणं, हेच खरे आभार.