खारीची घंटा

नदीच्या वळणावर एक रान होते आणि तिथल्या वडाच्या ढोलीत एक खार राहत असे. रानाचा सर्व्हर तिच्याच ढोलीत होता. नदीला पूर येऊ लागला की सर्व्हर घंटा वाजवी आणि काठावरच्या बिळांतली मंडळी पिल्ले घेऊन टेकडीवर जात. पण मुलांनो, सर्व्हरबरोबर आलेला घंटेचा प्रोग्राम भलताच सुस्त! पाणी बिळाच्या तोंडाशी आल्यावर त्याला जाग येई. म्हणून खारीने खटपट करून दुसरीकडून एक चलाख प्रोग्राम आणून बसवला होता. तिला त्याचा कोण अभिमान!

दर अमावास्येला सुतारपक्षी सर्व्हरचे अपडेट घेऊन येई. स्वभावाने सरळ आणि कामाला वाघ. एकदा त्याने टकटक करत सगळे नवे केले आणि खारीच्या प्रोग्रामवर आपला नेहमीचा सुस्त प्रोग्राम बसवून तो उडून गेला. पुढच्याच पुरात घंटा वाजली, तेव्हा सशिणीची पिल्ले गळ्यापर्यंत पाण्यात होती. सशिणीने एकेकाला ओढून काढले म्हणून वाचली. कुडकुडणारी पिल्ले पाहून खारीला रडू कोसळले.

“माझ्या घंटेला चोच लावायला तुला कुणी सांगितलं?” पुढच्या अमावास्येला सुतारपक्षी येताच ती त्याच्यावर कडाडली. “पुन्हा इकडे फिरकू नकोस!”

“लावू नको म्हणून तरी कुणी सांगितलं होतं?” सुतारपक्षी म्हणाला. “घंटा वेगळी आहे हे मला काय स्वप्नात कळणार? आणि मी आलो नाही, तर सर्व्हरची कुलपं जुनीच राहतील. चोर शिरले की कसली घंटा आणि कसलं काय!”

खार वरमली. “मग करू तरी काय?”

“‘घंटा सोडून बाकी सगळं’ असं सेटिंगमध्ये लिहून ठेव. मी तिच्या वाटेला जाणार नाही. पण ताई, मग तिची नवी आवृत्तीही मी आणणार नाही. ते तुझं तू बघायचं.”

खारीने नाक मुरडले, पण तसे लिहिले आणि आपला प्रोग्राम पुन्हा बसवला. आता सुतारपक्षी आपले काम करून गेला की ती स्वतः जाऊन घंटेची नवी आवृत्ती आणू लागली. कंटाळा येई, तरी जाई.

पुन्हा पूर आला. घंटा वेळेवर खणखणली. खार धावत टेकडीवर गेली, तर सशिणीची पिल्ले कोरडी ठणठणीत, कोवळ्या गवतावरून भांडत होती.

तात्पर्य : आपले वेगळेपण टिकवायचे तर ते आधी सांगावे, आणि सांगितल्यावर त्याची काळजी आपणच घ्यावी.