पाठमोरं कोर्ट

वेडल काउंटीचं कोर्ट रस्त्याकडे पाठ करून उभं आहे. अमेरिकेच्या मधल्या गवताळ मुलखात क्रेन नदीचा पूल ओलांडून रस्ता पश्चिमेला चढू लागला, की टेकडीच्या माथ्यावर ती दुमजली लाकडी इमारत दिसते. पांढरी, एकटी, आसपास ना घर ना झाड. आणि या बाजूने तिला दारच नाही. नुसती सपाट भिंत आणि वर दोन खिडक्या. नवखा माणूस गाडी थांबवतो, भिंतीला वळसा घालतो आणि पलीकडच्या अंगाला दार सापडलं की मनात म्हणतो, बांधणाऱ्याची अक्कल काय चरायला गेली होती?

तिथे पायरीवर त्याला ऑर्व्हल क्रेचमर भेटतो. ऑर्व्हलचा उभा जन्म रस्त्यावरचं बर्फ हटवणारी सरकारी गाडी चालवण्यात गेला. आता सत्तरी उलटल्यावर तो आल्यागेल्याला कोर्टाची गोष्ट सांगतो. "अक्कल ठिकाणावर होती म्हणूनच दार इकडे आहे," अशी त्याची सुरुवात असते. ऐकणाऱ्याने मध्येच घड्याळ पाहिलं तर तो गोष्ट तिथेच थांबवतो आणि पुलाची वाट दाखवतो.

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखी, पण तोरा जिल्ह्याचा. स्वतःचं कोर्ट, स्वतःचा शेरीफ, जमिनीचं दप्तर स्वतःकडे. वेडल काउंटीला पूर्वेला नदी, पश्चिमेला वाळूच्या टेकड्या आणि मध्ये गवत. माणसं पहिल्यापासूनच विरळ. नॉर्वेहून, जर्मनीहून, बोहेमियाहून आलेली ही कुटुंबं मातीसकट उपटलेल्या गवताच्या ढेकळांची घरं रचून राहिली. त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना सरकारने हुसकावून लावलं होतं. ती गोष्टही आहे, पण ती त्यांच्याच तोंडून ऐका, माझ्या नको, असं ऑर्व्हल बजावतो आणि मगच पुढे जातो.

त्या मुलखात हिवाळ्यात प्रत्येक घराला एक दोर असे. घराच्या दारापासून गोठ्याच्या दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेला. हिमवादळ सुटलं की तिथे स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. गुरांना चारा घालायला निघालेला माणूस हाकेच्या अंतरावरचं घर चुकतो आणि गोल गोल फिरत गोठून मरतो. म्हणून दोर धरून जायचं, दोर धरून यायचं. पहिलं बर्फ पडायच्या आत बांधलेला दोर वसंत आल्याशिवाय सोडायचा नाही, हा तिथला अलिखित कायदा.

बेरित ओस्लँडचा नवरा हाल्वर याने तो कायदा एकदाच मोडला. जानेवारीतली लख्ख उन्हाची सकाळ होती म्हणे. शेजारच्या योहान क्रेचमरची बादली विहिरीत पडली होती, त्याचा दोर आखूड पडत होता आणि हाल्वरचा दोर लांब, जहाजावरचा, बेरितच्या बापाने लग्नात दिलेला. हाल्वरने तो सोडून दिला. "संध्याकाळच्या आत आणून दे," एवढंच म्हणाला. दुपारी वादळ आलं. हाल्वर गोठ्याकडे निघाला तो परतलाच नाही. वादळ ओसरल्यावर बेरितने दार उघडलं, तर तो अंगणातच होता, दाराकडे हात करून.

योहानने दोर आणून दिला तेव्हा बेरितने त्याच्या हातातून तो हिसकावून घेतला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. हाल्वरला तिने घरामागच्या टेकडीवर पुरलं. दोर पुन्हा बांधला आणि शपथ घेतली की, मी जिवंत आहे तोवर हा सुटणार नाही. उन्हाळ्यातही तो तसाच ताणलेला असे. वस्तीतली माणसं म्हणत, बाई डोक्याने गेली. बेरित म्हणे, "गेलेलं डोकं परवडलं, गेलेला माणूस नाही."

मग एका वसंतात नदीने पात्र बदललं. काउंटीचं मुख्य गाव प्रॉस्पर तेव्हा नदीच्या अलीकडे, पश्चिम तीरावर होतं. पुराने गावाच्या पश्चिमेकडून नवी वाट फोडली, गाव वाहून नेलं आणि उंच जोत्यावरचं एकटं कोर्ट तेवढं पलीकडच्या तीरावर उभं राहिलं. हद्द नदीची. नदी सरकली तशी हद्द सरकली आणि वेडल काउंटीचं कोर्ट एका रात्रीत शेजारच्या काउंटीच्या हद्दीत जाऊन बसलं.

शेजारची काउंटी पैसेवाली. तिचं मुख्य गाव ब्रॅडिश, तिथे रेल्वे, पिठाची गिरणी आणि गिरणीचा मालक सायलस पोग. हा स्वतःला कर्नल म्हणवून घेई. कुठल्या लढाईत होता ते कुणी विचारलं नाही. पोगने राज्याच्या राजधानीत अर्ज लावला, वेडलला ना कोर्ट उरलं ना माणसं, ती आमच्यात मिसळून टाका. रेल्वे पुढे न्यायला त्याला बेरितची टेकडी हवी होती. हाल्वरच्या माघारी ती जमीन बेरितच्या नावे व्हायची होती आणि त्याचा निकाल काउंटीच्या कोर्टातच लागायचा होता. कोर्ट ब्रॅडिशला गेलं, की टेकडी गेली आणि टेकडीतला हाल्वरही गेला, हे सांगायला बेरितला वकील लागला नाही.

राजधानीतून आलेल्या न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकल्या. तो म्हणाला, "फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी मी पुन्हा येईन. तुमचं कोर्ट तुमच्या हद्दीत उभं दिसलं, तर तुमची काउंटी राहील. नाहीतर नाही."

पोगला हसू आवरेना. "घेऊन जा की! खुशाल काखोटीला मारून न्या. पण ओढायला माणसं कुठून आणणार? तुमच्या अख्ख्या काउंटीत एक चर्च भरत नाही!"

तो हे न्यायाधीशासमोर बोलला आणि तिथेच फसला. कारण आता नेऊ नका म्हणायला त्याला तोंड राहिलं नाही.

जानेवारीत नदी गोठून दगड झाली तेव्हा माणसांनी कोर्ट जोत्यावरून उचललं आणि खाली झाडांचे जाड ओंडके घसरपट्टीसारखे सारले. बैल आणि खेचरं होती, पण जनावरं बर्फावर कोर्टाच्या पुढे जुंपली तर भार एकाच जागी येऊन नदी तडकणार. ओढायचं ते अलीकडच्या तीरावरून. म्हणजे नदीच्या रुंदीएवढा दोर हवा. एवढा दोर कुठल्याच दुकानात नव्हता. तो होता घराघरांत, दारापासून गोठ्यापर्यंत ताणलेला.

भर जानेवारीत दोर सोडायचा म्हणजे काय, हे तिथल्या लेकरांनाही कळत होतं. तरी लोकांनी सोडले. सगळे दोर एकात एक गुंफले. जाडजूड दावं तयार झालं, पण पलीकडच्या तीराला थोडंसं कमी पडलं. आता एकच दोर उरला होता आणि तो मागायला कुणाची जीभ रेटेना.

बेरित आपणहून आली. तिने दोर सोडला नव्हता. ती म्हणाली, "देते. पण माझी अट आहे. दोर एकटा जाणार नाही. ज्या घराचा दोर सुटला, ते अख्खं घर दोराबरोबर येईल. म्हातारी, तान्ही, गुरं, कोंबड्या, सगळं. घरी एक जीव मागे ठेवायचा नाही आणि शेवटचा माणूस आत येईपर्यंत कुणी दोर सोडायचा नाही."

कुणी तरी म्हणालं, "बेरित, तान्ह्या पोरांचं ओढताना काय काम?"

"ओढायला नाही, जगायला आणा," ती म्हणाली. "दोर नसलेल्या घरात माणूस ठेवून बघितलंय मी."

तिने घरी जाऊन गाठ सोडली. इतक्या वर्षांत गाठ आवळून लाकडासारखी झाली होती. तिने ती दातांनी सोडवली असं सांगतात. शपथ मोडली का? ऑर्व्हल म्हणतो, मोडली नाही, वाढवली.

महिना सरत आला तेव्हा एका स्वच्छ सकाळी वेडल काउंटी दोराला लागली. कोर्टाचं तोंड मुळातच पश्चिमेला, वस्तीकडे होतं. दाराच्या दोन्ही खांबांना दावं बांधलं आणि तीरावरून ओढायला सुरुवात झाली. बैल, खेचरं, पुरुष, बाया, काठी टेकत आलेले म्हातारे. ज्यांच्यात ओढण्याची ताकद नव्हती त्यांनी नुसता हात लावला. कोर्ट बर्फावर कुरकुरत निघालं. पलीकडे ब्रॅडिशचे लोक तमाशा बघायला जमले होते. कोर्ट नदीच्या मध्यावर आलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं. तीरावर चढलं तेव्हा ते घरी गेले.

बेत असा होता की बेरितची टेकडी ओलांडून पलीकडच्या नव्या वस्तीत कोर्ट न्यायचं आणि मग रीतसर रस्त्याकडे तोंड करून बसवायचं. पण माथ्यावर पोचले आणि वायव्येचं आभाळ शाईसारखं झालं. वारा एकाएकी पडला. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. माणसं घराकडे धावायला लागली, तशी बेरित ओरडली, "कुठे चाललात? घराला दोर आहे का आता? दोर इथे आहे! धरा, आणि टोकाला चला!"

दोराच्या टोकाला दार होतं. वादळ अंगावर आलं, जग पांढरं झालं आणि अख्खी काउंटी हाताखाली हात सरकवत, डोळे मिटून, त्या दारातून आत गेली. गुरं खालच्या दालनात बांधली. न्यायाधीशाच्या खुर्चीपाशी एक गाय व्याली, असंही सांगतात. ते खरं की लोकांनी पदरचं घातलं, कोण जाणे.

आत नावं पुकारली. एक जण ओ देईना. योहान क्रेचमर. दोराच्या पार शेवटी त्याची खेचरं होती. ती सोडवायला म्हणून त्याने दोर सोडला होता.

सगळे बेरितकडे बघू लागले आणि लगेच नजर वळवू लागले. योहानची बायको लेकराला उराशी धरून दाराकडे निघाली, तिला लोकांनी धरून ठेवलं. बेरित खिडकीपाशी उभी होती. खिडकीबाहेर काहीही नव्हतं, नुसता पांढरा आवाज. हा तोच माणूस, ज्याच्या बादलीपायी हाल्वर अंगणात मेला. न जाण्याचा हक्क तिला होता, असं तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं. तिलाही वाटत होतं. बराच वेळ वाटत होतं.

मग तिने दोर उचलला, कमरेला बांधला आणि दार उघडलं.

"बेरित, त्याच्यासाठी?" कुणीतरी म्हणालं.

"त्याच्यासाठी नाही," ती म्हणाली. "या वादळाने माझ्याकडून एक नेलाय. तेव्हा माझ्या दारात दोर नव्हता. आज आहे. आज याला एक माणूसही मिळणार नाही. कुणीही."

ती गेली आणि आतली माणसं हळूहळू दोर सोडत राहिली. दोर सरकत गेला, सरकत गेला, थांबला. मग हिसका आला. सगळ्यांनी ओढला. कोर्ट ओढलं त्याहून जोर लावून ओढला. दारातून आधी बेरित आली, बर्फाने पांढरीफटक, आणि तिच्या हातात योहानची कॉलर. त्याला आत टाकून ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. म्हणाली, "संध्याकाळच्या आत आणलाय."

योहान लहान मुलासारखा रडला. त्याच्याच वंशातला ऑर्व्हल इथे खिशातला रुमाल काढून नाक पुसतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी पहाटे कुठे वादळ निवळलं. न्यायाधीश आणि पोग घसरगाडीतून नदी ओलांडून टेकडीवर आले. पुढ्यात नुसती भिंत. पोग म्हणाला, "बघा, ओसाड आहे. म्हणालो नव्हतो, यांच्याकडे माणसंच नाहीत?" त्याने भिंतीवर काठी आपटली. आतून गाय हंबरली.

ते वळसा घालून आले. दारात बेरित उभी होती. न्यायाधीशाने विचारलं, "बाई, या काउंटीची वस्ती किती?"

"मोजा साहेब," ती म्हणाली. "एकही घरी नाही."

माणसं दोर धरून बाहेर येऊ लागली. म्हाताऱ्या, बाया, बाप्ये, कडेवरची पोरं, मागून गुरं. न्यायाधीश मोजत राहिला. शेवटी त्याने मोजणं सोडलं आणि टोपी काढली.

पोग मात्र जाताना बोललाच, "निदान तोंड तरी रस्त्याकडे फिरवा. आम्हाला रोज पाठ बघायची का?"

"पाठच बघा," बेरित म्हणाली. "हे दार आमच्या माणसांनी दोर धरून शोधलंय. ते तुमच्यासाठी फिरणार नाही."

पुढे जमीन तिच्या नावे झाली. टेकडीचा माथा तिने काउंटीला दिला, कोर्ट जिथे थांबलं तिथेच राहावं म्हणून. हाल्वर तिथेच आहे, आणि शेजारी बेरित.

आजही जानेवारी संपता संपता एके दिवशी वेडल काउंटी त्या टेकडीवर जमते. दाराच्या खांबांना दोर बांधतात आणि सगळे मिळून ओढतात. कोर्ट हलत नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी दोर सोडत नाही. कुणाची गाडी बर्फात अडकली तर सगळी काउंटी थंडीत उभी राहते. तरणी पोरं शहरांकडे गेली, शाळा मिटल्या. राजधानीत दर काही वर्षांनी कुणीतरी म्हणतं, एवढ्या माणसांसाठी वेगळी काउंटी कशाला, ब्रॅडिशच्या काउंटीत मिसळून टाका. दोरावर जागा मोकळ्या पडतात. पण दोर आखूड करत नाहीत. माणसं लांब लांब उभी राहतात आणि पूर्वीपेक्षा जोरात ओढतात.

त्या दिवशी कुणी पाहुणा फोटो काढायला नुसता उभा राहिला, तर ऑर्व्हल त्याच्या हातात दोर देतो. "बघायला इथे काही नाही," तो म्हणतो. "धरा. अजून एक जण यायचा आहे."