पितळी हाताची सही

एका राज्यात सह्या करून करून राजा इतका थकला, की त्यानं मांत्रिकाकडून पितळी हात घडवून घेतला. हात हुबेहूब राजासारखी सही करी. पण दर सहीमागे राजाचा स्वतःचा उजवा हात तीळभर दगड होई. सात वर्षांत तो खांद्यापर्यंत दगड झाला. राजा पडून राही, आणि कुणी न वाचलेले हुकूम रोज सुटत.

सहीआधी राजाला कागद वाचून दाखवणं हे कमळजेचं काम होतं. “महाराजांनी हे ऐकलंय का?” असं ती अजूनही विचारी. कंटाळून प्रधान सोमदत्तानं तिच्याच हद्दपारीचा कागद पितळी हाताखाली सरकवला. संध्याकाळच्या नावेनं तिला मिठाच्या बेटावर धाडायचं ठरलं.

तिची मुलगी शाल्मली तडक प्रधानाकडे गेली.

“सही महाराजांची आहे,” प्रधान म्हणाला. “मोठ्यांच्या कारभारात लहानांनी बोलू नये.”

“सात वर्षं मोठेच बोलताहेत. ऐकून कान किटले.”

दारावरच्या साळुंकीनं तिला हाक मारली. “राजाच्या हातच्या तीन सह्या त्या पितळ्यापुढं ठेव. एक आनंदाची, एक दुःखाची, एक आजची. शाप सुटेल.”

आनंदाची सही राजकन्येच्या बारशाच्या दानपत्रावर होती. त्यावर खजिन्यातला नाग बसला होता.

“बाजूला हो,” शाल्मली म्हणाली.

“कुणीतरी म्हणेल याचीच वाट पाहत होतो,” म्हणून नाग अंग ताणत निघून गेला.

दुःखाची सही राणीच्या समाधीच्या हुकुमावर होती. तो राजानंच डोहात फेकला होता. तळाच्या कासवानं पोटाखालून काढून दिला. शाई पसरली होती, पण पाण्यानं नव्हे.

तिसऱ्या सहीसाठी ती राजाच्या पलंगाशी उभी राहिली आणि आईच्या हद्दपारीचा कागद मोठ्यानं वाचला.

“असा हुकूम मी कधी दिला?”

“दिला नाहीत. सही तेवढी तुमची आहे. आता मी लिहून आणलेल्या या सुटकेच्या कागदावर करा.”

“हात दगडाचा झालाय, पोरी. दमलोय मी.”

“मीही दमलेय, महाराज. डावा हात आहे ना?”

राजानं कागद शेवटपर्यंत वाचला आणि डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

शाल्मली तो कागद घेऊन पितळी हाताच्या दालनात गेली. तिथं बसलेला प्रधान सही पाहून हसला. “ही काय कोंबडीनं केली? पितळी सहीशी जुळत नाही. चालायची नाही.”

शाल्मलीनं तिन्ही कागद पितळी हातापुढं मांडले. एका सहीची शेपटी नाचरी, एकीची शाई फुटलेली, एक कललेली. आणि तिन्ही खऱ्या. कुठली गिरवावी, हाताला कळेना. तो एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर धावला, आणि त्याची बोटं एकेक करून गळून पडली.

राजाच्या खांद्याला मुंग्या आल्या. दगड उतरला. नाव सुटायच्या आत कमळजा परतली. जुन्या हुकुमांचे गठ्ठे दफ्तरातून वाहून आणायचं काम प्रधानाला मिळालं.

कमळजेनं पहिला कागद उघडला.

“किती आहेत?” राजानं विचारलं.

“सात वर्षांचे.”

राजानं सुस्कारा टाकला, बोटं मोडली आणि टाक उचलला. “वाच.”

ते वाचन अजून संपलेलं नाही. आपली गोष्ट मात्र इथं संपली.