शेवंताक्काची साखर घातलेली वाटी

एका गावात, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, शेवंताक्का नावाची आचारीण राहायची. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की लोक मुहूर्त काढायच्या आधी आक्काला विचारायचे. आक्का मोकळी नसेल तर नुसता मुहूर्त घेऊन करायचं काय? पंगतीमागून पंगती उठायच्या, पण तिचा मसालेभात कधी कमी पडला नाही आणि मीठ कधी चुकलं नाही. ती चव घेऊन बघायचीसुद्धा नाही. वाफ नाकाशी आली की तिला मीठ कळायचं.

पण उभं आयुष्य चुलवणापुढं उकिडवं बसण्यात गेलेलं. म्हातारपणी गुडघे धरले. मग बोटांचे सांधे सुजले. झारा हातात ठरेना. लग्नघरचे लोक शहरातल्या केटरिंगवाल्यांना बोलावू लागले, आणि आक्काच्या दाराशी येणारी पावलं थांबली. नवरा कधीच गेला होता. एकुलती लेक वैजयंता सुरतेला दिलेली. घरात राहिली आक्का आणि राहिली तिची भांडी. भांडी तरी कसली! सगळ्यात लहान पातेलं काढलं तरी त्यात वीस माणसांचा भात व्हावा.

त्यात एकटीनं काय शिजवायचं? मूठभर तांदूळ त्या पातेल्याच्या तळाशी दिसेनासे व्हायचे. एकदोनदा तिनं करून पाहिलं. भात खाली लागला, आणि उरलेला फेकताना जीव तुटला. मग ती म्हणायला लागली, एका जिवासाठी कुठं गॅस पेटवत बसायचं. चहा करायची. त्यात एखादं बिस्कीट बुडवायची. कधी तेही नाही. असं करता करता तीच सवय पडली.

गुडघे अगदीच बसू देईनात, तेव्हा ती तालुक्याला दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी सांधे दाबून पाहिले, बीपी पाहिलं, रक्त तपासायला दिलं. पोटाचा, किडनीचा, हृदयाचा त्रास मागं कधी होता का, तेही विचारलं. मग सूज आणि दुखणं उतरवणारी गोळी लिहून दिली.

“आक्का, ही गोळी गुणाची आहे, पण पोटाला कडक आहे,” त्या म्हणाल्या. “पोटभर जेवल्यावरच घ्यायची. दिवसातून एकच. जास्त दुखलं म्हणून दुसरी नाही. दुकानातली कुठली अंगदुखीची गोळी तिच्या जोडीला नाही. पोटात जळजळ झाली, शौचाला काळं झालं, पायावर सूज चढली, तर गोळी थांबवायची आणि सरळ इकडं यायचं. दोन वेळा नीट जेवता ना?”

आता आली का पंचाईत! जिनं गावंच्या गावं जेवू घातली, तिनं कसं सांगायचं की माझ्या घरी स्वयंपाक होत नाही? आणि ते लेकीच्या कानावर गेलं तर? लेक येऊन उचलून सुरतेला नेईल. चौथा मजला, परकी भाषा, जावयाचं घर. तिथं आक्का कुणाची कोण?

“जेवते की,” आक्का म्हणाली. “दोन्ही टायमाला. भाकरी, भाजी, मऊ भात, वर वाटीभर ताक.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. पेशंट सांगेल ते त्यांना खरंच धरावं लागतं. घरी येऊन थोडीच त्यांना भांडी बघता येतात?

आक्काच्या भिंतीला भिंत लावून मालन राहायची. चाळिशी उलटलेली, शाळा सातवीत सुटलेली, मनानं सोन्यासारखी. पण कान मात्र सदा शेजारी. गल्लीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या होतात, हे घरच्या माणसांआधी तिला ठाऊक. रोज सकाळी धुणं वाळत घालताना ती कुंपणावरून विचारायची, “आक्का, आज काय केलंसा?”

आणि आक्का सांगायची. “पिठलं केलं बघ, पातळ. लसणाची फोडणी आज जरा सढळ पडली. जोडीला ज्वारीची भाकरी आणि खरडा.” दुसऱ्या दिवशी अळूची भाजी, शेंगदाणे आणि ओलं खोबरं घालून. तिसऱ्या दिवशी भरली वांगी, तीळ भाजून. सांगता सांगता आक्काच्या सुजलेल्या बोटांत जीव यायचा. ती हवेतच मसाला परतायची, हवेतच चिमूट सोडायची. तेवढा वेळ तिच्याशी कुणीतरी बोलत असायचं ना!

मालनच्या तोंडाला पाणी सुटायचं. ती घरात जायची आणि तेच करायला घ्यायची. एकदा तिचा नवरा जेवताना म्हणाला, “रोज तुझ्या शेजारणीकडं एवढं शिजतंय म्हणतेस, मग मला वास कसा येत नाही?”

“तुमचं नाक चोंदलंय,” मालन म्हणाली. “गपगुमान जेवा.”

इकडं गोळीनं आधी जादूच केली. आक्काचे गुडघे मोकळे झाले. दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कट्ट्यापर्यंत चालत जाऊ लागली. तिथं चार बायका बसायच्या, शेंगा फोडायच्या, कुणाची तरी सून कशी वागते ते बोलायच्या. आक्काही त्यांच्यात बसायची. गोळी नसली तर दिवसभर समोर भिंत. गोळी घेतली तर कट्टा.

पण गोळी जायची चहावर. हळूहळू पोटात आग पडायला लागली. आक्काला वाटलं, चहा जास्त झाला असेल. मग गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले, तेव्हा तिनं दुपारच्या चहाबरोबर आणखी एक गोळी घेतली. त्यानंही भागेना, तेव्हा किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी वर टाकली. कट्टा चुकवायचा नव्हता तिला. एक दिवस गेली नाही, तर ‘आक्का कुठाय’ म्हणून विचारायला कुणी येईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. ती खात्री करून बघायची हिंमतही नव्हती.

अशात मालननं एकदा वाटीभर आमटी पाठवली. आपल्याकडं शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटी आली, ती साखर घालून. मालनला त्यात काही वाटलं नाही. पुढं मटकीची उसळ दिली. वाटीत गुळाचा खडा आला. मग खीर दिली. वाटी आली, पुन्हा साखर. ज्या दिवशी मालनची वाटी जायची, त्या दिवशी तेवढंच काय ते आक्काच्या पोटात जायचं. पण हे मालनला कुठं माहीत?

साखरेची वाटी हातात धरून मालन अंगणात उभी राहिली. हिच्या घरी रोज नवा पदार्थ, मग माझ्या वाटीत कधी चमचाभर पिठलं का येत नाही? आचारणीच्या हातची वाटी, आणि त्यात नुसती साखर? मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. आक्काच्या मागच्या दाराशी उरलंसुरलं खायला वर्षानुवर्षं एक तांबडं कुत्रं बसायचं. ते आता मालनच्याच परसात येऊन पडलेलं होतं. माणसाला फसवता येतं. कुत्र्याला कोण फसवणार?

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला मालनला आमंत्रण कधीच लागलं नव्हतं. ती तशीच मागच्या दारानं आत गेली.

स्वयंपाकघरातली शेगडी लख्ख होती. फार लख्ख. पातेली फळीवर पालथी. शेगडीवर चहाचं भांडं तेवढं. आणि आक्का भिंतीला टेकून बसलेली, तोंड पांढरंफटक, कपाळाला घाम.

“आक्का! काय होतंय?”

“काही नाही गं. जेवण जरा जड झालं.”

“काय जेवलासा?”

“भरीत,” आक्का म्हणाली. “वांगं निखाऱ्यावर भाजून... वरून कच्चा कांदा...” आवाज पुढं गेला नाही.

मालननं फळीवरचं एक पातेलं उतरवलं, त्यावरून बोट फिरवलं आणि धुळीनं भरलेलं ते बोट आक्कापुढं धरलं. आक्कानं मान खाली घातली.

“पोटात काय आहे तुमच्या?”

“चहा. आणि गोळ्या.” मग आक्का पुटपुटली, “शौचाला काळं होतंय गं. डांबरासारखं. कुणाला सांगू नको.”

“मी सगळ्या गल्लीला सगळं सांगते,” मालन म्हणाली, “हे तेवढं नाही सांगणार. पण डॉक्टरीणबाईंना तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. उठा आता.”

रिक्षा करून दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आक्काच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी पाहिली, आणि विचारलं, “गोळी जेवूनच घेत होता ना?”

मालन दाराशी उभी होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच ती गप्प बसली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली.

आक्काच्या तोंडात सगळा स्वयंपाक तयार होता. भाकरी, भाजी, मऊ भात, ताक. एवढं म्हटलं की इभ्रत राहत होती, घर राहत होतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“नाही बाई,” ती म्हणाली. “चहावर घेत होते. एकच सांगितलेली, मी दोन घेतल्या. वर दुकानातलीपण. माझ्या घरात स्वयंपाक होत नाही. हजार माणसांचा येतो मला. एका माणसाचा येत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“आक्का, मी ती गोळी लिहिली ती दोन वेळा जेवणाऱ्या बाईसाठी,” त्या म्हणाल्या. “ती बाई तुम्ही नव्हता. पहिल्याच दिवशी हे कळलं असतं, तर मी दुसरं काही दिलं असतं.”

गोळ्यांनी पोटात आतून जखम झाली होती आणि तिथून रक्त जात होतं. आक्काला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं, रक्त चढवावं लागलं. थोडा उशीर झाला असता तर गोष्ट इथंच संपली असती. सुरतेहून वैजयंता आली. कॉटच्या कडेला बसून ती रडत म्हणाली, “आई, रोज फोनवर मला भरल्या वांग्याचं सांगत होतीस. मला वाटायचं, आई मजेत आहे. चल आता माझ्याकडं.”

“येते,” आक्का म्हणाली. “पण आधी एकदा घरी जाऊन मला स्वतःपुरतं शिजवता येतं का, ते बघू दे. नाही आलं, तर तू सांगशील तिथं येते. आता खोटं नाही सांगणार.”

लेकीनं ऐकलं. तिची रजा संपली, ती गेली. जुनी गोळी कायमची बंद झाली. डॉक्टरीणबाईंनी पोटातली जखम भरून यायचं औषध दिलं, दुखण्यासाठी सौम्य गोळी दिली, वरून लावायचं मलम दिलं, गुडघ्यांचे व्यायाम शिकवले. “हीसुद्धा सांगितली तेवढीच,” त्या म्हणाल्या. “आणि न विचारता दुसरी कुठली घ्यायची नाही.” गुडघे पूर्वीसारखे काही झाले नाहीत. कट्ट्यापर्यंत जाताना वाटेत दोनदा टेकावं लागायचं. काही दिवस तर जाताच यायचं नाही, आणि त्या दिवशी घर फार मोठं वाटायचं.

आक्का घरी आल्यावर मालननं एक चिमुकलं पातेलं आणून शेगडीवर ठेवलं. “माझ्या पोराचं दूध तापवायचं भांडं. पोरगं मिशा राखून हिंडतंय आता. तुम्हाला ठेवा.” एवढं बोलून ती निघून गेली. निघून गेली म्हणजे भिंतीपलीकडं गेली, आणि कान लावून बसली.

आक्का स्टुलावर बसली. मूठभर तांदूळ, चिमूटभर डाळ. दुखऱ्या बोटांनी फोडणी दिली, मीठ टाकलं. पण हाताला सवय हजारांची. वाफ वर आली तेव्हाच तिच्या नाकाला कळलं, मीठ जास्त झालंय. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

खिचडी टाकून द्यावी, असं मनात आलं. पण तिनं ताट घेतलं आणि एकटी जेवायला बसली. समोर भिंत होती. वाढायला कुणी नव्हतं, ‘घ्या हो आणखी’ म्हणायला कुणी नव्हतं. ताटावर बोटं फिरल्याचा तेवढा आवाज. ती सावकाश, सगळं जेवली. मग पाणी प्यायली, गोळी घेतली. एकच.

उरलेली खिचडी तिनं मालनच्या वाटीत भरली आणि भिंत धरत धरत शेजारी नेऊन दिली. मालननं उभ्या उभ्याच एक घास घेतला, आणि तिचा चेहरा आंबट झाला.

“आक्का, खारट झालीय हो!”

आक्का उंबऱ्यावर टेकली आणि हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

“झालीय ना? मग बघ,” ती म्हणाली, “आज खरंच केलीय.”

तात्पर्य: डॉक्टरांपासून आपलं खरं जगणं लपवलं, तर चांगलं औषधही विष होतं. दुखण्यावरची गोळी सांगितली तेवढीच आणि सांगितली तशीच घ्यावी; आणि घरात स्वयंपाक होत नसेल, तर तेही न लाजता सांगावं.