सुपडाबाई आणि भरताची जाळी

एकदा काय झालं... थांबा हं. ही गोष्ट आत्याने मला सांगितली तेव्हा मी तुमच्याहून लहान होतो, आणि मधे कुठेतरी माझा डोळा लागला होता की काय, अशी मला आजही शंका आहे. राजाचं नाव काही आठवत नाही. पंगतीला माणसं शंभर बसायची की दोनशे, तेही सांगता येणार नाही. पण सुपडाबाईला राजा काय बोलला ते चांगलं आठवतं. तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. जुई, पांघरूण घे. निनाद, पाय आत.

तर खानदेशात एक होता राजा. त्याला वांग्याचं भरीत फार आवडायचं. वाड्याच्या मागच्या अंगणात बाजेएवढी लोखंडी जाळी होती. तिच्याखाली कापसाच्या वाळक्या काड्या पेटवायच्या आणि वर तेल लावलेली हिरवी वांगी मांडायची. वांगी फुटायची, त्यांचं पाणी आणि तेल गजांवर गळायचं, चर्र वाजायचं. वास तर असा सुटायचा की चार गल्ल्या पलीकडचं कुत्रंसुद्धा उठून बसायचं.

वांगी भाजायचा झिपरू आचारी. जाळी घासायची सुपडाबाई. ती अंगणाच्या कडेला एका खोपटात राहायची. खोपटामागे तिची दहा-बारा वांग्याची झाडं होती. तिला दुसरं घर नव्हतं, दुसरं गाव नव्हतं.

आता या वाड्यात एक रीत होती, बरं का. राजा जेवायला बसला की सगळ्यांनी हातातलं काम सोडून हात जोडून उभं राहायचं. राजाला ढेकर येईपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि राजाचा ढेकर म्हणजे काय, निनाद? तू काढून दाखवू नकोस! लवकर यायचाच नाही. राजा जेवायचा, मग ताक प्यायचा, मग लोडाला टेकायचा, मग पोटावरून हात फिरवायचा. सगळे आपले उभे. ऊन कलायचं तेव्हा कुठे तो ढेकर यायचा. तोवर अंगणातली जाळी गार, आणि गजांवर गळलेलं सगळं दगडासारखं घट्ट. मग झिपरू म्हणायचा, "हं, सुपडाबाई, घास आता!"

एकदा राजाकडे व्याही आले. राजाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. पंगत बसली, भरीत वाढलं. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि दातात काहीतरी कट्कन वाजलं. त्यांनी बोटाने काढून पाहिलं, तर काळा पोपडा! जाळीवरचा करपलेला तुकडा वांग्याला चिकटून आला होता.

व्याही हसून म्हणाले, "राजेसाहेब, तुमच्याकडे भरतात कोळसाही घालतात का?"

राजाचं तोंड उतरलं. त्याने झिपरूला बोलावलं. झिपरू म्हणाला, "महाराज, माझं काम भाजायचं. घासायचं काम त्या बाईचं."

मग सुपडाबाईला बोलावलं. राजा सगळ्यांसमोर म्हणाला, "आळशी बाई! जाळीवर बोटभर थर चढलाय आणि तू झोपा काढतेस? तीन दिवस देतो. गज आरशासारखे झाले नाहीत, तर खोपटं मोड आणि गाव सोड."

सुपडाबाई म्हणाली, "महाराज, मला इथे येऊन दोनच वर्षं झाली. तो थर..."

"उलट बोलू नकोस!"

झालं. तिचं ऐकूनच घेतलं नाही. मी आत्याला विचारलं होतं, कुणीच काही बोललं नाही का? आत्या म्हणाली, "बोलणार कोण? ढेकर यायचा होता." मला अजूनही चीड येते. पण असो. ओरडलो तर तुमची झोप उडेल.

मग पहिल्या दिवशी सुपडाबाईने चुलीतली राख घेतली. पाण्यात कालवून गजांवर जाड लिंपली. वर ओलं गोणपाट टाकलं आणि दुपारपर्यंत तसंच ठेवलं. मग उचकटलं आणि लागली घासायला. घासता घासता एक मोठा पोपडा सुटला, खाली पडला आणि बोलला!

"हुश्श! दहा वर्षं चिकटून होतो, बाई. मी या राजाच्या पंगतींचा."

पोपडा कसा बोलेल, असं मीही विचारलं होतं. आत्या म्हणाली, "दहा वर्षं गप्प बसल्यावर कुणीही बोलेल." ते मला तेव्हा पटलं. आता नीटसं पटत नाही, पण याहून बरं उत्तरही माझ्यापाशी नाही.

सुपडाबाईने तो पोपडा टोपलीत ठेवला. पाहते तर खाली आणखी थर!

मग दुसऱ्या दिवशी तिने चिंच कोळली. चिंचेचं पाणी गजांवर ओतलं, विटेचा तुकडा घेतला आणि खरखर खरखर लावलं. बोटांची सालं निघाली. झिपरू ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. म्हणाला, "काय सुपडाबाई, बोचकं बांधलं का?"

ती म्हणाली, "तुझी जीभ आण इकडे. विटेपेक्षा खरखरीत आहे, लवकर निघेल."

झिपरू मान खाली घालून सुपारी कातरू लागला. संध्याकाळी दुसरा पोपडा सुटला. तो म्हणाला, "मी थोरल्या महाराजांच्या वेळचा. या राजाच्या बापाच्या पंगतींचा. तेव्हाही हीच रीत होती, बाई. तेव्हाही उन्हं कलेपर्यंत सगळे उभे."

तोही टोपलीत गेला. खाली आणखी एक थर! काळा, चकचकीत, गजाचाच भाग झालेला.

मग तिसऱ्या दिवशी सुपडाबाईने राख लावली. थर हलला नाही. चिंच लावली. हलला नाही. वीट घासली, तर विटेचाच भुगा झाला. दुपार व्हायला आली. तिने एकदा आपल्या खोपटाकडे पाहिलं. झाडांना वांगी लागली होती. आता ती काढणार दुसरंच कुणीतरी.

आणि मग तिला राग आला. रडू नाही बरं का, राग. ती उठली, काड्यांचा भारा जाळीखाली ढकलला आणि पेटवून दिला. म्हणाली, "माझं घर जातंय ना? मग तूही जळ!"

गज तापले. लाल व्हायला आले. आणि थरातून बारीक आवाज आला, "आहाहा! अगं, मी सुटतोय. पुस, लवकर पुस!"

पुसायचं कशाने? जवळ काहीच नव्हतं. भाकरीबरोबर खायला आणलेला कांदा तेवढा होता. तिने तो बुक्कीने फोडला, अर्धा काडीला टोचला आणि तापल्या गजावरून फिरवला. चर्र! वाफ उठली आणि थर सापाच्या कातीसारखा निघून आला. आतून गज निळा, गुळगुळीत.

तिसरा पोपडा म्हणाला, "मी राजाच्या आजोबांच्या पंगतींचा. अगं, गरम होतो तेव्हा मी नुसता रस होतो. तेव्हाच कुणी पुसलं असतं तर घटकाभराचं काम नव्हतं. पण सगळे हात जोडून उभे! आम्हाला वांग्याने नाही चिकटवलं, बाई. ढेकराने चिकटवलं."

इतक्यात राजा पाहायला आला. बरोबर व्याही. राजाने जाळी पाहिली, गजात स्वतःच्या मिशा पाहिल्या आणि काय म्हणाला असेल?

म्हणाला, "जमलं की! म्हणजे इतके दिवस मुद्दाम अंगचोरी करत होतीस."

ऐकलंत? शाबासकी नाही, काही नाही. अंगचोरी म्हणे!

सुपडाबाईने टोपली उचलली आणि राजाच्या पायाशी ठेवली. म्हणाली, "महाराज, मी बोलले तर उलट बोलणं होतं. यांचं ऐका."

मग तिन्ही पोपडे बोलले. एकाने राजाचं नाव घेतलं, दुसऱ्याने बापाचं, तिसऱ्याने आजोबांचं. ताकाचं सांगितलं, लोडाचं सांगितलं, पोटावरून फिरणाऱ्या हाताचंही सांगितलं. व्याह्यांनी उपरणं तोंडात कोंबलं तरी हसू आवरेना.

राजाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "बरं, बरं. तुझं खोपटं राहू दे. झिपरू, वांगी लाव. भूक लागली."

झिपरूने वांगी लावली. वांगी फुटली, रस गळला, वास सुटला. झिपरूने ती उतरवून ठेचली. राजा पाटाकडे निघाला. पण सुपडाबाई जाळीसमोर आडवी उभी.

"महाराज, तुम्ही आता पाटावर बसाल आणि आम्ही हात जोडून उभे राहू. जाळी पुन्हा गार होईल. चार वर्षांनी पुन्हा कुणाच्या तरी दातात पोपडा येईल आणि पुन्हा मी आळशी. मला ते चालणार नाही. जाळी गरम आहे. आधी ती पुसायची, मग पंगत."

"मग पूस की!"

"तीन दिवस मीच पुसलीय. हे बघा माझे हात. आज ज्याला भूक लागलीय त्याने पुसावी."

राजाने झिपरूकडे पाहिलं. झिपरू म्हणाला, "महाराज, माझं काम भाजायचं." राजाने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी म्हणाला, "महाराज, भूक तुम्हाला लागलीय." राजाने व्याह्यांकडे पाहिलं. व्याही म्हणाले, "आमच्या मुलीला सासरा कसा मिळतोय, ते आम्हाला पाहायचंच आहे."

मुलगी व्याह्यांची की राजाची? मघाशी मी राजाची म्हणालो ना? मग व्याही म्हणाले असतील, "आम्हाला व्याही कसा मिळतोय ते पाहायचंय." हो, असंच असणार.

तेवढ्यात राजाच्या पोटात गुरगुरलं. सगळ्यांना ऐकू गेलं. मग राजाने मुकुट काढून झिपरूच्या डोक्यावर ठेवला, अर्धा कांदा काडीला टोचला आणि वाकला. एक गज पुसला, बोट भाजलं. दुसरा पुसला, मिशीचं टोक करपलं. तिसऱ्यापासून हात बसला. वाफेने डोळ्यांत पाणी आलं. सगळे गज पुसून झाले तरी भरीत गरमच होतं.

मग तो सुपडाबाईचे हात पाहून म्हणाला, "बाई, मी चुकीचं बोललो." सगळ्यांसमोर म्हणाला, बरं का. अपमान सगळ्यांसमोर केला होता, तेव्हा तेही सगळ्यांसमोरच हवं.

त्या दिवशी कुणी उभं राहिलं नाही. सुपडाबाईसुद्धा पंगतीत बसली. तेव्हापासून त्या राज्यात असं ठरलं की जो जेवू घालील त्याने आधी गरम जाळी पुसायची. मुलीचं लग्न झालं. सुपडाबाई खोपटात राहिली, वांगी पिकवली, म्हातारी झाली. राजाही बरा राहिला. तिथे सगळ्यांच्या चुली विझल्या आहेत, सगळे पोटभर जेवून निजलेत. आता इथे तुम्ही दोघं तेवढे जागे आहात. मिटा डोळे.

झोपलात? बरं.

या गोष्टीतलं खरं किती, याची मला पुष्कळ वर्षं रुखरुख होती. शेवटी पस्तिशीत मी दोन सारख्या जाळ्या आणल्या, दोन्हींवर वांगी भाजली आणि घड्याळ लावून बसलो. गरम जाळी अर्ध्या कांद्याने सात मिनिटांत स्वच्छ झाली. गार होऊ दिलेल्या जाळीला अख्खी सकाळ गेली, आणि कोपरे तरीही राहिलेच.