रंगनाथनानांचा मका

रंगनाथनाना फरकाड्यांनी मका विकला की दुसऱ्या दिवशी भाव चढतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नानांनाही ठाऊक होतं, पण दरवर्षी त्यांना वाटे, यंदा आपण बरोबर वेळ साधली.

यंदा मळणी होताच एका बड्या कंपनीचे खरेदी अधिकारी गावात आले. ग्रामपंचायतीसमोर पडदा लावून त्यांनी ब्राझीलचं पीक, अमेरिकेचा बाजार, डॉलरची चाल असं सगळं चित्रांसकट दाखवलं.

"जगाचा बाजार कळायला अभ्यास लागतो," ते म्हणाले. "महिन्याभरात मका गडगडणार. शहाणे असाल तर आजच सगळा आम्हाला देऊन टाका."

लोक घाबरले. दोघेतिघे पोती काढायला उठलेसुद्धा. तेवढ्यात नाना उभे राहिले.

"साहेब, भाव पडणार हे नक्की?"

"काळ्या दगडावरची रेघ."

"मग आज आमचा मका घेऊ नका," नाना हात जोडून म्हणाले. "चुकीच्या दिवशी सौदा करण्यात माझी हयात गेली. असला मूर्ख तालुक्यात एकच पुरे. तुम्ही पडलात पाहुणे. महिन्याने या आणि स्वस्तात घेऊन जा."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, पण ब्राझील काही मदतीला आला नाही. पडदा गुंडाळून ते निघून गेले.

सरपंचांनी विचारलं, "नाना, भाव चढणार याची तुम्हाला एवढी खात्री कशी?"

"त्यात काय," नाना खाली बघत म्हणाले, "मी माझा मका कालच गुपचूप विकून आलो."