क्रोटन, अळू आणि एकच कुंडी

चैत्रातलं ऊन त्या दिवशी असं तापलं होतं, की आंबेखोलच्या राजवाड्यापुढची कबुतरंसुद्धा जुन्या तोफेच्या सावलीत दाटीवाटीनं बसली होती. शहाणा माणूस अशा दुपारी डोक्यावर ओलं फडकं घालून पडून राहतो. राजेसाहेबांना मात्र नेमकी न्याय करायची हुक्की आली.

भांडण दोन झाडांचं होतं. थोरल्या राणीसाहेबांच्या माहेरून क्रोटन आलं होतं, कंबरेइतकं उंच, तांबड्या-पिवळ्या पानांचं. धाकट्या राणीसाहेबांच्या माहेरून आलं होतं शोभेचं अळू, गुलाबी शिरांचं, पान इतकं पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. दोन्ही झाडांचा ना फुलाला उपयोग, ना फळाला, ना भाजीला. म्हणून राजवाड्यात त्यांना फार मान होता. श्रेष्ठ कोणतं, यावरून दोन्ही महालांत पंधरा दिवस अबोला चालला होता. कारभारी ज्या महालात पानसुपारी खाऊन येत, त्या महालाचं झाड त्यांना तेवढ्या दिवसापुरतं सुंदर दिसे.

राजेसाहेबांनी केरू माळ्याला बोलावून विचारलं. केरूनं हात जोडून सांगितलं, की क्रोटन उन्हात ठेवावं, तिथं त्याचा रंग खुलतो. सावलीत ते नुसतं हिरवं पडतं. अळू सावलीत ठेवावं, कडक उन्हात ते करपतं. क्रोटनाच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये, अळूची माती सुकू देऊ नये. ज्याला त्याला आपल्या जागी ठेवलं की दोन्ही चांगली.

इतकं सोपं उत्तर राजाला कधी आवडत नाही.

“म्हणजे एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा?” राजेसाहेब म्हणाले. “आमच्या राज्यात हे चालायचं नाही.”

लगेच हुकूम निघाला. दोन्ही झाडं अंगणातल्या चौथऱ्यावर, भर उन्हात ठेवायची. पाणी सारखं. वर ताटी बांधायची नाही, महिनाभर जागा हलवायची नाही. महिन्यानं केरूनं एक झाड श्रेष्ठ ठरवायचं, दुसरं उकिरड्यावर जाईल. त्याआधी कुठलंही झाड मेलं, तर केरूनं विहिरीजवळची खोपी सोडून चालू लागायचं. त्या खोपीत केरूच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. कारभारी म्हणाले, वा, काय समदृष्टी! आणि छत्री उघडून सावलीतून घरी गेले.

केरू बागेत पोचतो तो थोरल्या महालातली दासी आली. क्रोटन हरलं तर खोपीची आशा सोड, असा तिकडचा निरोप. ती वळली न वळली तोच धाकट्या महालातली आली. निरोप तोच, झाड तेवढं वेगळं.

केरूनं विहिरीच्या काठावर बसून बोटानं मातीत काहीतरी आखलं. मग उठून शेजारी सटवा कुंभाराकडे गेला आणि त्याला होईल तेवढी मोठी कुंडी घडवायला सांगितली. सटवा कुरकुरला, की एवढ्या कुंडीत झाड लावायचंय की हत्तीला न्हाऊ घालायचंय? पण घडवली.

केरूनं कुंडीत माती भरली ती एका अंगाला उंच, दुसऱ्या अंगाला उतरती. उंचवट्यावर क्रोटन लावलं, उतारावर त्याच्या पायाशी अळू. कुंडी चौथऱ्यावर अशी ठेवली, की दुपारचं ऊन आधी क्रोटनानं झेलावं. रोज सकाळी कारभाऱ्यांच्या देखत दोघांना एकेक तांब्या पाणी घाली. उंचावरचं जादा पाणी उतारावर निथळे, क्रोटन सडेना, अळू सुकेना. क्रोटन डोक्यावर ऊन घेऊन लालबुंद झालं, आणि त्याच्या छत्रीखाली अळूनं सात नवी पानं काढली.

महिना भरला. दोन्ही राणीसाहेब चिकाच्या पडद्याआड बसल्या, थोरल्या डावीकडे, धाकट्या उजवीकडे. राजेसाहेबांनी विचारलं, जागा एकच? एकच. पाणी सारखं? कारभाऱ्यांना साक्ष द्यावी लागली, सारखं.

“मग सांग, श्रेष्ठ कोण?”

“क्रोटन काढलं तर अळू उद्याच्या उन्हात करपेल,” केरू हळूहळू म्हणाला. “अळू काढलं तर क्रोटनाच्या बुडाची माती उघडी पडून तडकेल. ज्याच्यावाचून चालेल ते हलकं. पण ते एक उपटून पाहिल्याशिवाय कळायचं नाही, सरकार.”

“मग उपट.”

“तेवढं माझ्या हातून व्हायचं नाही. माळ्यानं लावायचं आणि धन्यानं उपटायचं, हा या बागेचा जुना रिवाज. आपल्या आजोबांनी एक बाभळ आपल्या हातानं उपटली होती. आठ दिवस हाताला पट्टी होती म्हणतात, पण रिवाज मोडला नाही. सरकारांनी हात घालावा. जे आपण उपटाल ते हलकं, मी तसं गावभर सांगेन.”

राजेसाहेब ऐटीत उठले. त्यांनी क्रोटनाच्या बुंध्याला हात घातला. डाव्या पडद्याआड कुणीतरी खाकरलं. हात सुटला. तो अळूकडे वळला, तर उजव्या पडद्याआड बांगड्या वाजल्या. तोही हात मागे आला. मदतीसाठी त्यांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं, तर कारभारी आभाळात ढग शोधत होते.

राजेसाहेब कुंडीजवळ ओणवेच उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे हसले की तोफेजवळची कबुतरं उडाली.

“ही कुंडी इथंच राहू दे,” डोळे पुसत ते म्हणाले. “आणि खोपी याच्या नावावर करून द्या. नाहीतर हा पुढच्या खेपेला आम्हालाच कुंडीत लावील.”

सनदेचा कागद कमरेला खोचून केरू घरी आला. सटवा कुंभार दारातच उभा होता. त्यानं सगळी हकिगत ऐकून घेतली, चिखलाचे हात धोतराला पुसले आणि म्हणाला, “ते सगळं ठीक झालं, केरूबा. पण राजेसाहेबांना तेवढं सांगून ठेव, तिसरं लग्न करू नका म्हणावं. याहून मोठी कुंडी माझ्या चाकावर बसत नाही.”